कुवेतमध्ये कायदा कोण करतं, आणि आपल्या माणसाने न्याय कुठे मागायचा?

सांगलीहून एका ताईंचा प्रश्न आहे: "माझे यजमान फरवानियात राहतात. नऊ वर्षं एकाच कंपनीत वेल्डर आहेत, पगार २६० दिनार. पाच महिन्यांचा पगार थकलाय आणि आता कंपनी राजीनामा लिहून मागतेय. सोबतचे लोक म्हणतात, इथे राजाचं राज्य, संसदसुद्धा बंद केलीय, कोर्ट शरियतचं, तिथे हिंदू माणसाचं कोण ऐकणार? मग दावा लावून उपयोग आहे का? आणि मुळात तिथे कायदा करतं तरी कोण?"

ताई, तुमच्या शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचं वाचायला धीर येईल. दावा लावण्यात उपयोग आहे. संसद बंद असली तरी कोर्टं चालू आहेत. कामगार कोर्टात धर्माची चौकशी होत नाही, पगाराच्या हिशेबाची होते. राजीनामा मात्र त्यांनी लिहून देऊ नये. तो का, हे शेवटी आकड्यांसकट सांगतो.

मी मूळचा दापोली तालुक्यातला. लहानपणी मदरशात अरबी शिकलो, पुढे वकिलीची पदवी घेतली आणि तेवीस वर्षं कुवेत सिटीत एका वकिलाच्या कार्यालयात कायद्याच्या कागदांचे अनुवाद केले. आपल्याकडच्या कितीतरी माणसांना घेऊन कामगार खात्याचे आणि कोर्टाचे हेलपाटे घातले. त्यात एक गोष्ट सारखी दिसायची. माणूस हक्क नसल्यामुळे क्वचितच हरायचा. कोणता दरवाजा आपल्याला उघडा आहे आणि कोणता मुळातच भिंतीत बुजवलेला आहे, हे न कळल्यामुळे हरायचा. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

"राजाचं राज्य" हे अर्धं खरं आहे. कुवेत १९ जून १९६१ ला ब्रिटिशांच्या संरक्षणातून बाहेर पडला आणि ११ नोव्हेंबर १९६२ ला अमीर अब्दुल्ला अल-सालिम अल-सबाह यांनी राज्यघटनेवर सही केली. ती निवडून आलेल्या सभेने चर्चा करून तयार केली होती. उस्मान खलील उस्मान हे इजिप्शियन कायदेपंडित तिला मसुद्यासाठी मदतीला होते. एकूण १८३ कलमं. कलम ४ म्हणतं, कुवेत ही मुबारक अल-सबाह यांच्या वंशजांची वंशपरंपरागत अमिरात आहे. कलम ६ म्हणतं, राज्यपद्धती लोकशाही आहे आणि सार्वभौमत्व उम्मतीचं, म्हणजे राष्ट्राचं आहे. ही दोन कलमं एकाच कागदावर बसवली आणि पुढची साठ वर्षं ती एकमेकांना रेटत राहिली.

ही ओढाताण घटनेच्याही आधीची आहे. १९३८ मध्ये व्यापारी घराण्यांनी चौदा जणांचं कायदेमंडळ निवडून अमिरांकडून अधिकार मागितले होते. सहा महिन्यांत ते बरखास्त झालं, पण मागणी मेली नाही. हे व्यापारी म्हणजे मोती आणि खजूर घेऊन मुंबईला येणारी, तिथे पेढ्या असलेली माणसं. कुवेतमध्ये १९६१ पर्यंत रुपयाच चालायचा. मरीन ड्राइव्हवर 'अल-सबाह कोर्ट' नावाची इमारत आजही उभी आहे, ती त्याच राजघराण्याची.

आता शरियतचं. अनुवादक म्हणून मला घटनेचं कलम २ फार महत्त्वाचं वाटतं. त्यात म्हटलंय, इस्लामी शरियत हा कायद्याचा "एक मुख्य स्रोत" आहे. अरबीत शब्द आहेत 'मसदर रईसी'. त्यांच्यापुढे 'अल' लावलं असतं, तर अर्थ झाला असता "हाच मुख्य स्रोत". इजिप्तने १९८० मध्ये आपल्या घटनेत तो 'अल' लावला. कुवेतमध्येही तसं करावं म्हणून मागण्या झाल्या, पण शब्द होता तसाच राहिला. त्या दोन अक्षरांच्या गैरहजेरीत कुवेतचा सगळा दिवाणी, फौजदारी आणि व्यापारी कायदा मावतो. फौजदारी संहिता १९६० ची आहे. तिची धाटणी इतर आधुनिक अरब देशांच्या संहितांसारखी आहे, चोरीला शिक्षा तुरुंगाची आहे, हात तोडण्याची नाही. शरियत खऱ्या अर्थाने उभी आहे ती लग्न, तलाक, मुलांचा ताबा, वारसा या घरगुती बाबतीत, १९८४ च्या ५१ क्रमांकाच्या कायद्यात. तुमच्या यजमानांच्या पगाराशी तिचा संबंध नाही.

संसदेचं नाव मजलिस अल-उम्मा. समुद्रालगतच्या रस्त्यावर तिची इमारत आहे, डेन्मार्कच्या योर्न उत्झोन यांनी रचलेली, सिडनीचं ऑपेरा हाऊस ज्यांचं तेच. पुढच्या बाजूला सिमेंटचं भलंमोठं छत आहे, पण आकार असा की तंबूचं कापड वाऱ्याने मध्येच खाली झुकलंय असं वाटावं. १९९१ मध्ये माघार घेताना इराकी सैन्याने ती जाळली होती, ती पुन्हा दुरुस्त केली. मी पहिल्यांदा तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला वाटलं होतं, आखातातली संसद म्हणजे शोभेचीच असणार. तो समज वर्षभरात गेला.

सभागृहात पन्नास निवडून आलेले सदस्य. त्यांच्यासोबत मंत्रीही बसतात आणि कायद्यावर मतही देतात. मंत्र्यांची संख्या सदस्यांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसते, म्हणजे फार तर सोळा. त्यांतला किमान एक तरी निवडून आलेला लागतो. पंतप्रधान मात्र संसद निवडत नाही, अमीर नेमतात. राजकीय पक्षांना कायदेशीर मान्यता नाही. उमेदवार उभे राहतात ते टोळीच्या, घराण्याच्या, विचाराच्या बळावर, आणि प्रचार होतो तो दीवानियांत. दीवानिया म्हणजे घराची बाहेरची मोठी बैठक. संध्याकाळी लोक जमतात, चहाचे छोटे ग्लास फिरतात आणि कोणत्या मंत्र्याने काय घोळ घातलाय याची झाडाझडती तिथेच सुरू होते.

सभागृह चालू असताना कायदा होण्याची रीत अशी: सभागृहाने मंजूर करायचा आणि अमिरांनी सही करायची. अमिरांना तो पटला नाही तर कारण देऊन परत पाठवता येतो. सभागृहाने दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला, तर अमिरांना तीस दिवसांत जारी करावाच लागतो. तेवढी मतं नाही मिळाली, तर पुढच्या अधिवेशनात साध्या बहुमतावर तोच कायदा परत आणता येतो. म्हणजे अमिरांचा नकार हा थांबवणारा होता, मारून टाकणारा नव्हता. 

पण सदस्यांची खरी ताकद कायदे करण्यात कमी आणि मंत्र्यांना जाब विचारण्यात जास्त होती. त्याला म्हणतात इस्तिजवाब. त्यात आपला 'जबाब' ऐकू येतोय ना? शब्द तोच आहे. एकाही सदस्याला कोणत्याही मंत्र्याविरुद्ध इस्तिजवाब दाखल करता यायचा आणि आठ दिवसांनंतर चर्चा लागायची. समोरासमोर दोन व्यासपीठं, एकावर सदस्य, दुसऱ्यावर मंत्री. कागद हलवत, फायली दाखवत, तासन्‌तास. आमच्या कार्यालयात त्या दिवशी काम बंद पडायचं, इजिप्शियन कारकुनापासून केरळी चहावाल्यापर्यंत सगळे टीव्हीसमोर. नंतर दहा सदस्यांनी मागणी केली की अविश्वासाचं मतदान, आणि त्यात मंत्र्यांना मत नाही, फक्त निवडून आलेल्यांना. त्यामुळे बहुतेक मंत्री मतदानाआधीच राजीनामा देऊन मोकळे व्हायचे. पंतप्रधानांवर अविश्वास आणता येत नसे. "आम्ही यांच्याबरोबर काम करू शकत नाही" असा ठराव करता यायचा आणि मग अमिरांनी ठरवायचं, पंतप्रधान बदलायचा की सभागृह बरखास्त करायचं. डिसेंबर २००९ मध्ये असा ठराव आला आणि १३ विरुद्ध ३५ मतांनी पडला. तोवर आखातात कुठल्याही निवडून आलेल्या सभेने पंतप्रधानाला असं उभं केलेलं नव्हतं.

या सभागृहाने एकदा अमीरही बदलला. १५ जानेवारी २००६ ला अमीर जाबिर अल-अहमद वारले. युवराज साद अल-अब्दुल्ला इतके आजारी होते की शपथेची वाक्यं म्हणता येतील की नाही याचीच शंका. घराण्यात बोलणी चालली, दिवस गेले. २४ जानेवारीला सभागृहाने प्रकृतीच्या कारणावरून त्यांना एकमताने पदमुक्त केलं आणि २९ तारखेला सबाह अल-अहमद यांनी त्याच सभागृहात शपथ घेतली. ना गोळी, ना रणगाडा. मी त्या दिवशी घरी फोन करून अब्बांना सांगितलं, तर त्यांना खरं वाटेना.

संसद होती म्हणून सगळं पुढचंच पाऊल पडलं असंही नाही. स्त्रियांना मतदानाचा हक्क देणारा हुकूम १९९९ मध्ये अमिरांनी काढला आणि निवडून आलेल्या सभागृहाने तो नाकारला. त्यावरचं विधेयकही ३२ विरुद्ध ३० असं दोन मतांनी पडलं. शेवटी १६ मे २००५ ला ३५ विरुद्ध २३ मतांनी हक्क मिळाला आणि २००९ मध्ये चार स्त्रिया निवडून आल्या. त्यांतल्या दोघी हिजाब घेत नव्हत्या म्हणून त्यांच्या सदस्यत्वालाच आव्हान दिलं गेलं. घटनात्मक न्यायालयाने ते फेटाळलं.

हे घटनात्मक न्यायालय १९७३ च्या कायद्याने आलं. पाच न्यायाधीश. त्याने सभागृहालाही सोडलं नाही. फेब्रुवारी २०१२ ची निवडणूक त्याने त्याच वर्षी जूनमध्ये रद्द ठरवली, कारण आधीचं सभागृह बरखास्त करणाऱ्या हुकमातच दोष होता. डिसेंबर २०१२ ची निवडणूक जून २०१३ मध्ये रद्द, सप्टेंबर २०२२ ची १९ मार्च २०२३ ला रद्द. २०१२ मधली एक गोष्ट मी नेहमी सांगतो. मे महिन्यात सभागृहाने धर्मनिंदेला मृत्युदंड देणारा कायदा मोठ्या बहुमताने मंजूर केला. जूनच्या सुरुवातीला अमिरांनी तो परत पाठवला. सभागृहाकडे दोन तृतीयांश मतं होती, ते अमिरांचा नकार मोडू शकलं असतं. पण दोन आठवड्यांतच न्यायालयाने सभागृहच रद्दबातल ठरवलं आणि कायदा तिथेच राहिला. लोकांनी निवडलेले एका बाजूला, अमीर दुसऱ्या, न्यायालय तिसऱ्या. मी मुसलमान म्हणून सांगतो, तो कायदा झाला नाही याचा मला तेव्हाही आनंद होता आणि आजही आहे.

आता "संसद बंद" म्हणजे काय ते. ती याआधीही दोनदा बंद झाली होती, १९७६ ते १९८१ आणि १९८६ ते १९९२. दुसऱ्या वेळच्या बंदीतच २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा घुसल्या. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२४ या साडेतीन वर्षांत चार निवडणुका झाल्या. सरकार आणि सभागृह एकमेकांना काम करू देईनात. सरकारी कर्ज काढण्याचा कायदा २०१७ पासून अडकून पडला होता. १० मे २०२४ ला अमीर मिशाल अल-अहमद यांनी नवं सभागृह पहिल्या बैठकीआधीच बरखास्त केलं आणि घटनेतली काही कलमं जास्तीत जास्त चार वर्षांसाठी स्थगित केली. त्यांत कायदे करण्याचा अधिकार अमीर आणि सभागृह या दोघांना देणारं ५१ वं आहे, सभागृहाच्या मंजुरीशिवाय कायदा नाही म्हणणारं ७९ वं आहे, आणि बरखास्तीनंतर दोन महिन्यांत निवडणूक घ्या म्हणणारं १०७ वंही आहे. तेव्हापासून सभागृहाचं काम अमीर आणि मंत्रिमंडळच करतात. कायदे निघतात ते 'मरसूम बि-कानून' म्हणून, म्हणजे कायद्याचं बळ असलेला हुकूम.

कामं भराभर होतात हे खरं. कर्जाचा कायदा २०२५ मध्ये हुकमाने आला. नात्यातल्या स्त्रीला व्यभिचारात पकडून मारणाऱ्या पुरुषाला नाममात्र शिक्षा देणारं फौजदारी संहितेचं कलम १५३ रद्द झालं. ते काढा म्हणून कुवेती स्त्रिया कित्येक वर्षं झगडत होत्या. तरीही मला त्या दोन रिकाम्या व्यासपीठांची हळहळ वाटते. परदेशी कामगाराला तिथे मत कधीच नव्हतं, पण एखाद्या सदस्याने मजुरांच्या व्हिसाच्या धंद्यावरून मंत्र्याला धारेवर धरलं की खालची ऑफिसं आठवडाभर नीट वागायची. आता तसा जाब विचारणारं कोणी नाही.

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर याचाच गोंधळ होतो. कुवेतमधले कागद एका वजनाचे नसतात. वर घटना, मग 'कानून', त्याच्या बरोबरीचा कायद्याचं बळ असलेला हुकूम, त्याखाली मंत्र्याचा 'क़रार', आणि सगळ्यात खाली खात्याचं परिपत्रक, 'तअमीम'. आपल्याकडे करार म्हणजे दोघांनी सही केलेला कागद. अरबीत 'क़रार' म्हणजे एकतर्फी निर्णय. "कंपनीने करार आणलाय" असं ऐकून एकजण सही करायला निघाला होता, ती त्याच्या बडतर्फीची नोटीस होती. 'वकील' शब्दानेही फसायला होतं. तिथे कोर्टात उभा राहतो तो 'मुहामी', आणि 'वकील' म्हणजे खात्याचा सचिवही असू शकतो. अठरा नंबरच्या, म्हणजे खासगी कंपनीच्या, व्हिसावरच्या कामगाराला १ जुलै २०२५ पासून देश सोडताना मालकाची ऑनलाइन परवानगी लागते, तेही असंच निर्णयाने आलं. उलट परदेशी नागरिकांच्या वास्तव्याचा २०२४ चा ११४ क्रमांकाचा कायदा हा हुकमाने आलेला पूर्ण कायदा आहे. काहीही ऐकलं की 'कुवेत अल-यौम' या राजपत्रात ते आलंय का, एवढं विचारायचं. ते दर रविवारी निघतं.

कोर्टाकडे येतो. १९६१ पर्यंत कुवेतमधल्या ब्रिटिश प्रजाजनांचे, म्हणजे बराच काळ आपल्या हिंदी लोकांचेही, खटले ब्रिटिश पोलिटिकल एजंटच्या कोर्टात चालायचे आणि तिथे हिंदुस्थानातलेच कायदे लावले जायचे. बाकीच्यांसाठी काझी आणि ऑटोमन काळातली 'मजल्ला' ही संहिता. सगळ्यांसाठी एकच न्यायव्यवस्था उभारणारा कायदा १९५९ मध्ये झाला. कायद्यांवर छाप इजिप्तच्या अब्दुर्रझ्झाक अल-सनहुरी यांची आहे, फ्रेंच धाटणीची. त्यामुळे आपल्या कोर्टातली लांबलचक उलटतपासणी तिथे शोधू नका. तिथे लेखी कागद बोलतो. कोर्टाच्या तीन पायऱ्या: पहिलं न्यायालय, मग अपील, मग तमयीज़, म्हणजे सगळ्यात वरचं न्यायालय. दिवाणी निकालावर अपिलाची मुदत तीस दिवसांची. न्यायाधीशांत इजिप्शियन बरेच असायचे. २०२० मध्ये पहिल्यांदा आठ कुवेती स्त्रिया न्यायाधीश झाल्या. प्रत्येक निकालाच्या माथ्यावर "अमिरांच्या नावाने" असं लिहिलेलं असतं. ते वाचून आपली माणसं घाबरतात, पण ती रीत आहे. घटनेचं कलम १६३ स्पष्ट सांगतं की निकाल देताना न्यायाधीशावर कोणाचीही सत्ता नाही, आणि १६६ वं म्हणतं की दाद मागण्याचा हक्क सर्वांना आहे. तिथे फक्त कुवेती असा शब्द नाही.

कामगाराचा दावा थेट कोर्टात जात नाही. आधी मनुष्यबळ प्राधिकरणाच्या कामगार संबंध विभागात तक्रार. आपली माणसं त्या ऑफिसला अजून जुन्या सवयीने 'शून' म्हणतात. ते दोन्ही बाजूंना बोलावतात. महिन्याभरात तडजोड झाली नाही तर फाइल स्वतःच कोर्टात पाठवतात. कामगाराला कोर्ट फी नाही. घरकामाच्या, म्हणजे वीस नंबरच्या व्हिसावर जे आहेत, त्यांचा कायदा वेगळा आहे, २०१५ चा ६८ वा. तुमचे यजमान कंपनीत आहेत, तेव्हा बहुधा अठरा नंबरवर असतील. त्यांना २०१० चा ६ क्रमांकाचा कायदा लागू.

कोर्टात पहिली तारीख पाच मिनिटांची असते. न्यायाधीश फाइल 'खुबरा'कडे पाठवतात, म्हणजे न्याय खात्याच्या तज्ज्ञ विभागाकडे. दाव्याचं खरं काम तिथे होतं, आणि हेच बहुतेकांना माहीत नसतं. कोर्टाच्या तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून जातात आणि खुबराच्या बैठकीला दांडी मारतात. खुबराची खोली म्हणजे एक टेबल, मागे फायलींचा ढीग, आणि हिशेबतपासणीस असलेला एक अधिकारी. कंपनीकडून मंदूब, म्हणजे तिचा प्रतिनिधी, येतो, हातात सही-शिक्क्याच्या पावत्या घेऊन.

गुहागरकडचा एक शटरिंग सुतार माझ्याबरोबर तिथे बसला होता. कंपनीने हजेरीपुस्तक दाखवलं, त्यात सगळे शुक्रवार सुट्टीचे आणि ओव्हरटाइम शून्य. ह्याने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. रोज रात्री मराठीत लिहिलेली: साइटचं नाव, किती वाजता बस आली, किती वाजता सुटली. तज्ज्ञाने मला ओळ न्‌ ओळ अरबीत सांगायला लावली. मधेच एक नोंद आली, "श्रावणी सोमवार, उपास, तरी तीन तास जास्त." मी तसंच भाषांतर केलं. तो थांबला, श्रावण म्हणजे काय ते विचारलं, आणि मग साइटच्या गेटवरची प्रवेशनोंद मागवली. वहीतल्या तारखा आणि गेटवरच्या तारखा जुळल्या. अहवालात ओव्हरटाइम धरला गेला आणि कोर्टाने अहवालाप्रमाणे निकाल दिला. लेखी करार नसला तरी नोकरी आणि तिच्या अटी कोणत्याही पुराव्याने सिद्ध करता येतात, हे त्या कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे. ती वही म्हणजे तो "कोणताही पुरावा".

आता भिंतीत बुजवलेला दरवाजा. सरकारी निर्णय तपासायला १९८१ च्या २० क्रमांकाच्या कायद्याने प्रशासकीय न्यायपीठ नेमलं. त्याच कायद्याने काही विषय कोर्टाच्या बाहेर ठेवले: नागरिकत्व, आणि परदेशी माणसाचं वास्तव्य व त्याची हद्दपारी. फौजदारी शिक्षेबरोबर कोर्टाने दिलेली हद्दपारी वेगळी, तिच्यावर अपील होतं. पण खात्याने प्रशासकीय हद्दपारी काढली की तिच्याविरुद्ध कोर्टात उभं राहायला जागाच नाही. ज्याने पगाराचा दावा जिंकला असता, तो तारीख लागण्याआधी विमानात बसलेला मी पाहिला आहे. त्याच्यासाठी काहीच करता आलं नाही याचं दुःख अजून जात नाही. म्हणून सांगतो, यजमानांना म्हणावं, या काळात कोणाशी भांडण नाही, इकामा, म्हणजे वास्तव्याचा परवाना, संपू द्यायचा नाही, दुसरीकडे चोरून काम नाही, आणि कामावरची हजेरी सोडायची नाही. गैरहजर राहिले तर कंपनी 'तगय्युब'ची, म्हणजे कामावरून पळाल्याची, नोंद करू शकते. तक्रार आधी नोंदलेली असली तर अशा नोंदीविरुद्ध बोलायला हात बळकट राहतो.

पण कोर्टं परदेशी माणसाच्या बाजूने कधीच मोठी उडी घेत नाहीत असंही समजू नका. २०१५ मध्ये मशिदीतल्या बाँबस्फोटानंतर नागरिक, रहिवासी, पाहुणे, सगळ्यांनी डीएनए नमुना द्यावा असा कायदा झाला. एका कुवेती वकिलाने त्याला थेट आव्हान दिलं. सामान्य माणसाला घटनात्मक न्यायालयात थेट जाण्याची वाट २०१४ मध्येच उघडली होती, ५,००० दिनार अनामत ठेवून. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरला. तुमच्या यजमानांची थुंकी सरकारी पेटीत गेली नाही ती त्या निकालामुळे.

आता तुमचा हिशेब. आधी इंडेम्निटी, म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांवर मिळणारे पैसे. महिना पगार २६ ने भागायचा: २६० चे दिवसाला १० दिनार. पहिल्या पाच वर्षांचे दरवर्षी १५ दिवस, म्हणजे ७५ दिवसांचे ७५०. पुढच्या चार वर्षांचा दरवर्षी एक महिना, म्हणजे १,०४०. इंडेम्निटी झाली १,७९० दिनार. थकलेला पगार १,३००. नोटीस न देता काढलं तर तीन महिन्यांचे ७८०. शिल्लक रजेचे पैसे वेगळे. त्यांनी स्वतः राजीनामा दिला, तर पाच ते दहा वर्षांच्या नोकरीला इंडेम्निटी दोन तृतीयांशच मिळते, १,७९० चे १,१९३ होतात, आणि कंपनीकडून नोटिशीचे पैसेही मागता येत नाहीत. कंपनी राजीनामा का मागतेय ते आलं ना लक्षात? पगार थकवून मालकानेच करार मोडला असेल, तर कामगाराला नोटीस न देता काम सोडून पूर्ण इंडेम्निटी मागता येते, ते कलम ४८. पण ते पाऊल तक्रार नोंदवल्यानंतर आणि मुहामीला विचारूनच टाकायचं.

नोकरी संपल्यापासून एका वर्षात दावा लावला नाही तर हक्क जातो. म्हणून या आठवड्यातच तक्रार करायला सांगा. बरोबर बँकेचं नऊ वर्षांचं स्टेटमेंट असावं. पगार स्थानिक बँकेतून देणं मालकाला बंधनकारक आहे, त्यामुळे पाच महिने जमा नाही हे त्यातच दिसतं. कराराची अरबी प्रत मिळवा, कारण भाषांतरात आणि अरबीत फरक पडला तर अरबी धरतात. कोऱ्या कागदावर किंवा "सर्व येणं मिळालं" अशा पावतीवर सही करायची नाही, मंदूब कितीही गोड बोलला तरी. भारतीय दूतावासात कामगारांसाठी विभाग आहे, तिथेही तक्रारीची प्रत द्या. आणि गावी यायची वेळ आली, तर विमानतळावर जाण्याआधी नोटरीच्या ऑफिसात, ज्याला तिथे 'तौसीक' म्हणतात, मुहामीच्या नावाने मुखत्यारपत्र करून घ्यायचं. इथून ते करायचं म्हटलं तर परराष्ट्र खातं आणि कुवेतचा दूतावास अशा दोन ठिकाणी शिक्के मारत महिना जातो. तिथे ते एका सकाळचं काम आहे.